कशावरून?

मुलांनो, तुम्ही शाळेतून घरी येता. दारात अनोळखी चपलांचे दोन जोड दिसतात. स्वयंपाकघरातून भजी तळल्याचा वास येतो. आईने ठेवणीतल्या कपबश्या काढलेल्या असतात. तुम्ही लगेच ओरडता, "पाहुणे आले!"

पाहुणे तर तुम्ही अजून पाहिलेलेच नाहीत. मग ते आले हे कशावरून ओळखले? चपला पाहिल्या, वास घेतला, कपबश्या पाहिल्या. एवढे तुम्ही स्वतः अनुभवले. 'पाहुणे आले' हे मात्र त्यावरून काढलेले अनुमान. ते खरे असेल, कदाचित चुकेलही. चपला बाबांनी नव्या आणल्या असतील. भजी तुमच्यासाठीच तळली असतील. खात्री करायची तर आत जाऊन पाहायला हवे.

विज्ञानाचे कामही असेच चालते. पण जिथे आत जाऊन पाहताच येत नाही, तिथे काय करायचे? हजारो वर्षांपूर्वीच्या घरात आज कोण डोकावणार? याचे उत्तर जपानमधल्या एका उकिरड्याने दिले आहे. ऐका त्याची गोष्ट.

जपानची राजधानी टोकियो. टोकियोहून पूर्वेकडे जाताना एदो नदी ओलांडली, की इचिकावा हे शहर लागते. आज तेथे दाट वस्ती आहे. आगगाड्यांची सतत ये-जा असते. या शहरात काही ठिकाणी जमीन खणली, की माती कमी आणि शिंपलेच जास्त निघतात. अशाच एका जागेचे नाव आहे उबायामा.

एवढे शिंपले तिथे आले कोठून? आपल्या कोकणात तिसऱ्या खाऊन झाल्या, की शिंपले परसात टाकतात. उबायामाच्या लोकांनीही तेच केले. वर्षानुवर्षे, पिढ्यान्‌पिढ्या ते एकाच जागी शिंपले टाकत राहिले. त्यांत माशांचे काटे होते, हरणांची व रानडुकरांची हाडे होती, फुटक्या मडक्यांचे तुकडे होते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, असे आपण म्हणतो. या उकिरड्याला मात्र हजारो वर्षे वाट पाहावी लागली!

जपानमधील बरीचशी माती आम्लधर्मी आहे. तीत पुरलेली हाडे हळूहळू नाहीशी होतात. पण शिंपल्यांत चुना असतो. त्या चुन्यामुळे उकिरड्यातील हाडे टिकून राहिली.

आता एक कोडे पाहू. हे शिंपले खाऱ्या पाण्यातले आहेत. आज मात्र समुद्र उबायामापासून काही किलोमीटर दूर आहे. मग पूर्वी समुद्र जवळ होता, असे म्हणायचे का? थांबा! कशावरून? लोक टोपल्या भरून दुरून शिंपले आणत असतील तर?

ही शंका अगदी योग्य आहे. म्हणून शास्त्रज्ञ केवळ शिंपल्यांवर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी आसपासच्या सखल भागातील माती खोलवर तपासली. तिच्यातही समुद्रात साचणारा गाळ सापडला. आता दोन वेगवेगळे पुरावे एकच गोष्ट सांगू लागले. सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्राचे पाणी येथे आजच्यापेक्षा बरेच आत आले होते. पुढे ते हळूहळू मागे हटले. एका साक्षीदाराचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्याशी जुळले, की आपला विश्वास वाढतो. तसेच हे झाले.

१९२६ साली टोकियो येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी उबायामा येथे खोदकाम केले. खणता खणता जमिनीत खोलगट जागा लागल्या. त्यांत खांब रोवण्याचे खड्डे होते. खांब केव्हाच कुजून गेले होते, छप्पर नाहीसे झाले होते. पण खड्ड्यांच्या मांडणीवरून संशोधकांनी ओळखले, की ही माणसांची घरे होती. जमीन थोडी खणून, वर छप्पर घालून ती बांधलेली होती.

त्यांतल्या एका घरात त्यांना जे दिसले, ते पाहून सगळे स्तब्ध झाले. घराच्या जमिनीवर पाच माणसांचे सांगाडे होते. दोन पुरुष, दोन स्त्रिया आणि एक लहान मूल.

कोण होती ही माणसे? काय झाले असेल त्यांना?

कोणी म्हणाले, "हे एकच कुटुंब असावे. विषारी मासा खाल्ल्यामुळे सगळे एकाच वेळी दगावले असतील." कोणी म्हणाले, "रोगाची साथ आली असेल." कोणी म्हणाले, "घर अंगावर कोसळले असेल." आणखी कोणी विचारले, "पण ही सगळी माणसे एकाच दिवशी मरण पावली, हे तरी कशावरून? कदाचित रिकाम्या पडलेल्या घरात त्यांना निरनिराळ्या वेळी ठेवले असेल."

मुलांनो, नीट पाहा. पाच सांगाडे एका घरात होते, ही पाहिलेली गोष्ट. ते एक कुटुंब होते, हे अनुमान. ते एकदम मेले, हेही अनुमानच.

असाच शोध आपल्या महाराष्ट्रातही झाला आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरे तेथे सापडली. घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन-दोन मडकी मिळाली. त्यांत लहान मुलांची हाडे होती. असे एकदाच दिसले असते, तर काही सांगता आले नसते. पण तीच मांडणी पुन्हा पुन्हा दिसली. म्हणून संशोधक म्हणाले, "मुलांना असे पुरण्याची येथे रीत होती." उबायामाच्या त्या घरात अशी मडकी नाहीत. म्हणून तेथील कोडे अधिक अवघड आहे.

हे लोक किती जुने, हे तरी कशावरून कळले? अमेरिकेतील विलार्ड लिबी या शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक युक्ती शोधली होती. झाडे, प्राणी, माणसे या सर्वांच्या शरीरात एका विशेष प्रकारचा कार्बन थोडासा असतो. जीव मेला, की तो ठरावीक गतीने कमी होत जातो. जितका कमी उरला, तितकी वस्तू जुनी. उबायामाचा कोळसा तपासल्यावर त्याचे वय सुमारे साडेचार हजार वर्षे निघाले. लिबी यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी लिबींनाही विचारले, "हवेत हा कार्बन सदैव सारखाच होता, हे कशावरून?" त्यांनी जुन्या झाडांच्या खोडांतील वर्तुळे मोजली आणि प्रत्येक वर्तुळातील कार्बन तपासला. तो सदैव सारखा नव्हता! मग वय काढण्याची रीत सुधारली. आता तो कोळसा पाच हजार वर्षांहूनही थोडा जुना मानता येतो. यात लिबींचा अपमान झाला का? मुळीच नाही. त्यांनी लावलेला दिवा इतरांनी अधिक मोठा केला.

मुलांनो, उबायामाच्या त्या मुलाचे नाव आपल्याला माहीत नाही. त्याच्याविषयी एखादी सुंदर गोष्ट रचून ती खरी म्हणून सांगणे सोपे आहे. पण तो त्याच्यावर अन्यायच होईल. "एवढे आम्ही पाहिले, एवढा आमचा अंदाज आहे आणि एवढे आम्हांला अजून कळलेले नाही," असे सांगायला धैर्य लागते. विज्ञानाने माणसाला हेच धैर्य शिकवले.

तेव्हा कोणी काही सांगितले, पुस्तकात काही वाचले, तर नम्रपणे विचारा, "कशावरून?" आणि तुमचेच म्हणणे चुकीचे ठरले, तर हसत हसत ते बदला. चूक सुधारणारा माणूस लहान होत नाही, मोठाच होतो.

शब्दार्थ
अनुमान – पाहिलेल्या गोष्टींवरून काढलेला अंदाज. उत्खनन – जुन्या वस्तूंच्या शोधासाठी केलेले खोदकाम. दगावणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. उबायामा येथील हाडे इतकी वर्षे कशी टिकली?
२. समुद्र पूर्वी जवळ होता, हे सांगणारे दोन पुरावे कोणते?
३. शाळेच्या अंगणातील पाच गोष्टी नीट पाहा. वहीत दोन रकाने करा. एकात 'मी पाहिले' आणि दुसऱ्यात 'माझे अनुमान' असे लिहा. मित्राची वही वाचून त्याला विचारा, "कशावरून?"