बंद पेटींतील विजेचा हिशेब

एखादी पेटी न उघडतां तींत विजेचा भार किती आहे, हें बाहेरून सांगतां येईल काय? येईल, असें पदार्थविज्ञान म्हणतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थी गाउसचा नियम मुखोद्गत करितात. पण त्यांतील मर्म बहुधा निसटतें. म्हणून त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

१८४३ सालीं लंडन येथें मायकेल फॅरडे ह्यानें बर्फ ठेवण्याचें धातूचें एक साधें भांडें घेतलें. तें विद्युत्‌रोधकावर ठेवून त्याची बाहेरची बाजू तारेनें सुवर्णपत्र-विद्युद्दर्शकास जोडली. नंतर भारित पितळी गोळा रेशमी दोऱ्यानें आंत सोडतांच सोन्याचीं पानें फांकलीं. गोळा पुरेसा खोल गेल्यावर मात्र तो मध्यें असो वा कडेला, पानांचें अंतर बदलेना. तो तळाला टेकविला, तरीहि तें तितकेंच राहिलें. आणि बाहेर काढून पाहतां गोळ्यावर भार उरलेला नव्हता. भांड्याच्या बाहेरील अंगावर प्रकटलेला भार आंतील भाराएवढाच होता, हें सिद्ध झालें.

जर्मन गणितज्ञ गाउस (१७७७–१८५५) ह्याच्या नांवाचा नियम अशाच हिशेबाला गणिताचें रूप देतो. भारापासून निघणाऱ्या बलरेषांची कल्पना करा. बंदिस्त पृष्ठांतून बाहेर जाणाऱ्या रेषा धन व आंत येणाऱ्या ऋण धरून जें एकंदर माप येतें, तो फ्लक्स. आणि तो आंतील एकूण भाराच्या प्रमाणांत असतो. निर्वात स्थळीं १ मायक्रोकूलंब भार घनाकृति पृष्ठाच्या केंद्रीं असल्यास एकूण फ्लक्स सुमारें १,१३,००० न्यूटन-चौरस मीटर प्रति कूलंब येतो, व प्रत्येक बाजूस त्याचा सहावा हिस्सा मिळतो. भार आंतल्या आंत एका बाजूकडे सरकवा: वांटे बदलतील, बेरीज बदलणार नाहीं. बाहेर ठेवलेल्या भाराच्या रेषा मात्र एकीकडून आंत शिरून दुसरीकडून निघून जातात. म्हणून त्यांची बेरीज शून्य.

येथेंच पुष्कळ विद्यार्थी फसतात. एकूण फ्लक्स शून्य, म्हणून विद्युत्‌क्षेत्रहि शून्य, असें ते लिहितात. आंत समान धन व ऋण भार वेगवेगळ्या जागीं असले, तरी बेरीज शून्यच येईल. पण क्षेत्र कांहीं नाहींसें होत नाहीं. ज्या व्यापाऱ्याची जमा व खर्च सारखींच, त्याच्या दुकानांत उलाढालच झाली नाहीं, असें कोण म्हणेल?

पालकांसहि आमची विनंति आहे कीं, सूत्र पाठ झालें काय, एवढेंच मुलांस विचारूं नये. तें काय सांगतें आणि काय सांगत नाहीं, हेंहि विचारावें. विद्येची खरी परीक्षा ह्या दुसऱ्या प्रश्नांत आहे.