छायाचित्राची पार्श्वभूमी आणि डोक्यावरचा पदर

ह्या स्मरणिकेसाठी आम्ही देणगीदारांची जुनी छायाचित्रे मागविली. कोणाच्या मागे स्टुडिओतला रंगविलेला पडदा, तर कोणाच्या मागे घरची भिंत! सर्वांना एका पानावर बसवावयाचे, तर पार्श्वभूमी काढणे भाग होते. हे काम आम्ही संगणकावर 'गिंप' ह्या विनामूल्य प्रणालीने केले. स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस ह्या बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली तिचा आरंभ केला. पुढील कार्यकर्त्यांस उपयोग व्हावा म्हणून तिची रीत येथे देतो.

प्रथम मूळ स्कॅन जपून ठेवावे व प्रतीवरच काम करावे. जेपीईजी चित्रात पारदर्शकतेस जागा नसते. म्हणून 'लेअर' ह्या यादीतील 'ट्रान्सपरन्सी'मधून 'अल्फा चॅनेल' जोडावा. प्रत्येक बिंदू किती दिसावा, हे अल्फा सांगतो : ० म्हणजे अदृश्य, २५५ म्हणजे पूर्ण दृश्य. मग 'फझी सिलेक्ट' घेऊन पार्श्वभूमीवर क्लिक करावे, की मिळत्याजुळत्या छटेचा लगतचा भाग निवडला जातो. छटेतला किती फरक चालवून घ्यावा, हे 'थ्रेशोल्ड'चा आकडा ठरवितो. 'डिलीट' दाबताच तो भाग जाऊन चौकटींची नक्षी दिसते. ती पारदर्शकतेची खूण होय.

येथेच आमचा हात चुकला. वसतिगृहास साहाय्य करणाऱ्या एका आजींच्या मागची भिंत पांढरी, आणि पदरही पांढरा. आम्ही आकडा वाढविला. भिंतीबरोबर पदरही गेला. नमुन्याचे पान पाहून त्यांचे नातू क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आजीला उघड्या डोक्याने आम्ही कधी पाहिले नाही." आम्हांस मान वर करवेना.

यंत्रास रंग कळतो, माणूस कळत नाही. म्हणून पुसू नये, झाकावे. पार्श्वभूमी निवडल्यावर 'सिलेक्ट'मधून 'इन्व्हर्ट' करावे व लेअरला 'मास्क' जोडताना 'सिलेक्शन' हा पर्याय घ्यावा. मास्कवर जेथे काळे, तेथे चित्र लपते. जेथे पांढरे, तेथे दिसते. त्यावर पांढरा ब्रश फिरविला, की लपलेला पदर परत येतो. कडांना मऊ ब्रश वापरावा. काम 'एक्ससीएफ'मध्ये ठेवावे आणि पानासाठी 'पीएनजी' प्रत काढावी. जेपीईजी केल्यास पारदर्शकता जाते.

आता आजी ह्या अंकात पदरासह आहेत. एवढेच सांगणे, की घरच्या माणसास दाखविल्यावाचून पान छापखान्यात धाडू नये.