जलपर्णी : फूल सुंदर, परिणाम गंभीर



सातारा-सांगलीकरांना समुद्र तसा दूरचाच. परंतु महाबळेश्वरी उगम पावणारी आपली कृष्णा शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून या अंकात आम्ही समुद्रातील व नदीतील दोन परक्या वनस्पतींची माहिती देत आहोत.

हॅलोफिला स्टिप्युलेसिया हे तांबड्या समुद्राकडील समुद्रगवत. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर ते भूमध्य समुद्रात शिरले. २००२ मध्ये ते कॅरिबियन समुद्रात, ग्रेनाडा बेटाजवळ आढळले. नांगराने तुटलेला छोटा तुकडाही नव्या जागी रुजतो व तेथील मूळ गवताला हटवतो. हे गवत उष्ण पाण्यातले असल्याने तापणारा समुद्र त्याला सोयीचा ठरत आहे.

आपल्या ओळखीची जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसानेच ती देशोदेशी नेली. अनुकूल हवामानात सुमारे दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. पाण्यावर तिची चादर पसरली की खाली ऊन पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि डासांना आसरा मिळतो.

ती एवढी फोफावते कशामुळे? उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावतो, बंधाऱ्यामागे पाणी साचते. त्यात सांडपाण्यातून व शेतातील खतांतून नत्र आणि स्फुरद मिसळतात. हेच तिचे अन्न. वाई-कराडकडे सोडलेली घाण पुढे सांगलीकडे वाहत जाते. म्हणजे वरच्याने सोडायचे आणि खालच्याने सोसायचे! अन्न मिळत राहिले तर कितीही वेळा काढली तरी जलपर्णी पुन्हा येणारच.

वेळीच जागे झाल्यास यश येते. २००० साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कॉलर्पा हे परके शेवाळ सापडले. ते थोड्या जागेत असतानाच काम हाती घेतल्याने २००६ पर्यंत त्याचा समूळ नायनाट झाला.

आपण काय करावे?

१. घरच्या काचपेटीतील पाणवनस्पती नदीत, विहिरीत वा तळ्यात टाकू नयेत.
२. जलपर्णीची पहिली रोपे दिसताच ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला कळवावे.
३. फुलण्याआधीच काढून, काठापासून दूर वाळवून खत करावे.
४. शेतात खत मापातच घालावे. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडावे.

चिंतनासाठी प्रश्न : आपल्या घरचे सांडपाणी कोठे जाते? आपल्या खालच्या गावाला आपण कसले पाणी पाठवतो?