नोकरी सुटली, विम्याचे काय?

जत तालुक्यात पावसाचा भरवसा नाही. त्यामुळे बऱ्याच घरांतील एखादा मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीस असतो. कंपनी पगाराबरोबर आजारपणाचा सामूहिक विमा देते, त्यात पुष्कळदा आईवडिलांचीही नावे असतात. घरचे निर्धास्त होतात. पण हा विमा नेमका कोणाच्या नावावर आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

माझ्या भाच्याचेच उदाहरण घ्या. पुण्याची नोकरी सोडून तो गावी आला. दोन महिन्यांनी त्याच्या वडिलांना मिरजेच्या दवाखान्यात न्यावे लागले. तेथे कळले की विमा बंद झाला आहे. "मामू, कार्डावर तर मार्चपर्यंतची तारीख आहे!" तो म्हणाला. तारीख खरी होती. पण ती कंपनीच्या पॉलिसीची होती. याची व घरच्यांची नावे नोकरी सुटताच कमी झाली होती. बिलासाठी बहिणीचे दागिने गहाण पडले.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर खाते मालकाचे असते, माल आपण उचलतो. मालकाने आपले नाव काढले की व्यवहार संपला. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनातून नोकरी सुटल्यास साधारणपणे १८ महिने तोच विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवता येतो. आपल्याकडे खासगी सामूहिक विम्यासाठी तसा कायदा नाही.

मात्र एक वाट आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे गटातून बाहेर पडणाऱ्यास त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. यात मोठा फायदा मुदतीचा आहे. नव्या पॉलिसीत मधुमेह, रक्तदाब अशा आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागते. (२०२४ पूर्वी ही कमाल मुदत ४ वर्षे होती.) गटात काढलेला काळ त्यातून वजा होतो, पण तो जुन्या विम्याच्या रकमेपुरताच. विमा कंपनी तब्येत तपासू शकते, हप्ता वाढवू शकते, नकारही देऊ शकते. हप्ता वयानुसार व आपल्याच खिशातून भरावा लागतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला, एवढा दिलासा आहे.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी :

१) राजीनामा देण्यापूर्वीच, शक्यतो महिनाभर आधी, विमा कंपनीकडे लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी.

२) पॉलिसी क्रमांक, विम्याची रक्कम व किती वर्षे नाव होते, याचा दाखला मालकाकडून घ्यावा.

३) घरी वयस्कर किंवा आजारी माणूस असल्यास नोकरी चालू असतानाच स्वतःची छोटी पॉलिसी घ्यावी.

४) अर्ज नाकारला गेल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते ठरलेल्या उपचारांसाठी व योजनेतील दवाखान्यांतच मिळते.

ज्या व्यापारी बांधवांनी आपल्या नोकरांसाठी सामूहिक विमा काढला आहे, त्यांनीही नोकर सोडून जाताना पगाराच्या हिशेबाबरोबर विमा कधी संपतो ते तोंडी न सांगता लिहून द्यावे. दोन ओळींच्या चिठ्ठीने एखाद्याचे घर कर्जातून वाचते.