माळ्यावरील गळकी टाकी : तपासणी, बदल आणि निगा

पाण्याचे महत्त्व आपल्या समाजाला कोणी सांगावे लागत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. तरीही प्रत्यक्ष ओंजळीत पाणी येण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतरही कोर्टाची लढाई चालली व १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. इतक्या कष्टाने मिळालेले पाणी घरात आल्यावर ते नीट राखणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणून मोरीवरच्या माळ्यावरील टाकीचा हा साधा पाठ आम्ही सभासद व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

१) गळती कोठे आहे?
शहरात पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून माळ्यावर टाकी ठेवावी लागते. जुन्या पत्र्याच्या टाक्या आतून गंजतात. गळती बहुधा तळाच्या सांध्यात किंवा पाईपच्या जोडाशी सुरू होते. आधी खात्री करावी. टाकी भरून आत येणारी चावी बंद करावी, पाण्याच्या पातळीवर खूण करावी व रात्रभर एकही नळ उघडू नये. सकाळी पातळी उतरून एका जागी थांबली असेल, तर भोक त्याच उंचीवर आहे असे समजावे. पातळी कायम राहूनही भरताना पाणी सांडत असेल, तर दोष बॉल कॉकचा आहे. तेथे टाकी बदलण्याचे कारण नाही. परंतु तळ गंजला असेल तर लांबी किंवा एम-सील लावून दिवस ढकलू नयेत. ते ठिगळ आज धरते, उद्या सुटते. तोवर खालच्या बिऱ्हाडाचे छत भिजते, विजेच्या वायरीत पाणी उतरते आणि शेजारधर्मात वितुष्ट येते. आपल्या टाकीचे पाणी दुसऱ्याच्या घरात गळू देणे हे पंचशील घेणाऱ्याला शोभत नाही.

२) मापे व वजन
लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणाकार करावा व त्यास २८.३ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. ३ × २ × २ फुटांची टाकी सुमारे ३४० लिटरची होते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे पाच-सहा माणसे रात्रंदिवस माळ्यावर उभी असल्यासारखेच! म्हणून टाकी भिंतीलगत असावी, फळीच्या मध्यभागी नसावी. माळा लाकडी किंवा भेगाळलेला असेल तर जाणकारास दाखवावा. नवी टाकी विकत घेण्यापूर्वी दरवाजा व माळ्याचे तोंड मोजावे. मोठी टाकी आत जात नसल्यास दोन लहान टाक्या पाईपने जोडाव्यात.

३) बदलण्याचा क्रम
प्रथम माळ्याजवळच्या वायरींचा मेन स्विच बंद करावा. पाण्याची चावी बंद करून टाकीतील पाणी बादल्यांत काढून धुण्या-पुसण्यास वापरावे. ते फुकट घालवू नये. जुनी टाकी काढल्यावर जागा कोरडी करावी. प्लॅस्टिकच्या टाकीच्या तळाला सर्व बाजूंनी सपाट आधार लागतो. दोन दांड्यांवर ठेवल्यास तळ वाकतो व फुटतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना रबरी वायसर घालावे. आटे बेताने आवळावेत, फार आवळल्यास प्लॅस्टिक तडकते. नळाकडे जाणारा पाईप तळापासून दोन इंच वर घ्यावा, म्हणजे गाळ खालीच राहतो. ओव्हरफ्लोचा पाईप आत येणाऱ्या पाईपपेक्षा मोठा असावा व त्याचे तोंड दिसेल अशा ठिकाणी सोडावे. मग पाव, अर्धी व पूर्ण अशी टप्प्याटप्प्याने टाकी भरून प्रत्येक वेळी जोड हाताने चाचपावेत.

४) शुद्धी व निगा
नवी टाकी धुऊन ३०० लिटर पाण्यास सुमारे ६० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. रात्रभर ठेवून ते सोडून द्यावे व टाकी पुन्हा धुवावी. ते पाणी पिऊ नये. झाकण घट्ट हवे, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या काठाला भिंतीस चिकटतात व कोरडी होऊनही टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, बाजू घासाव्या लागतात. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधनही आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय
१. आपल्या घरातील टाकीची मापे घेऊन तिचे लिटर व वजन काढा.
२. रात्रीची पातळी-चाचणी घेऊन नोंद ठेवा.
३. विहारातील टाकीचे झाकण, जाळी व जोड तपासून कार्यकारिणीस लेखी कळवा.

टाकीचे काम करणाऱ्या कारागिराला ठरलेली मजुरी त्याच दिवशी द्यावी, कारण त्याच्या श्रमावर आपले पाणी उभे आहे. हक्काने मिळालेले पाणी थेंबभरही वाया जाऊ नये, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.

जय भीम! जय बुद्ध!