पोस्टाची तारीख, ऑफिसची तारीख

पोरी, कॅलिफोर्नियातल्या पेटंट फर्ममध्ये लागलीस, छान झालं. हल्ली बहुतेक कागद ऑनलाइनच जातात. पण ऐन वेळी सर्व्हर रुसला की पोस्टच हाताशी असतं, म्हणून एवढं ध्यानात ठेव.

मुदत मोजताना पत्र आपल्या टेबलावर कधी आलं ते धरू नकोस. पेटंट ऑफिसनं ते रवाना केल्याची तारीख वर छापलेली असते, तिथून मोज.

पाकीट करण्याआधी बघ, आत काय आहे? ऑफिसच्या हरकतीला उत्तर असेल तर साधं फर्स्ट क्लास टपाल चालतं. तिकीट पुरेसं लाव, पत्ता नीट घाल आणि 'अमुक तारखेला टपालात टाकलं' असा नियम १.८ चा दाखला सहीनिशी जोड. मग पाकीट चार दिवसांनी पोचलं तरी उत्तर वेळेत धरतात. मात्र बाकी सगळ्या हिशेबाला पोचल्याचीच तारीख लागते.

नव्या अर्जाला हा दाखला मुळीच चालत नाही. १६ मार्च २०१३ पासून अमेरिकेतही आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मोठा, तेव्हा एक दिवसही महाग पडतो. नवा अर्ज सरकारी पोस्टाच्या प्रायॉरिटी मेल एक्सप्रेसनंच पाठव. नियम १.१० प्रमाणे पोस्टानं लेबलवर घातलेली स्वीकाराची तारीख हीच दाखल तारीख. लेबलचा नंबर आतल्या कागदांवर आधीच लिही. पाकीट पेटीत टाकू नकोस, खिडकीवर दे आणि तारीख तिथंच वाचून घे. फेडेक्स कितीही वेगवान असो, त्याला ही सवलत नाही. पोचेल तीच तारीख.

ऑनलाइन अर्जाचं घड्याळ पूर्व किनाऱ्याचं. तुझ्याकडे रात्रीचे नऊ वाजले की तिथं दुसरा दिवस लागतो. पण पोस्टाची तारीख तुझ्या गावची, म्हणून उशिरापर्यंत उघडं असणारं पोस्ट आणि तिथली शेवटची उचल माहीत करून ठेव. कागदावरच्या युटिलिटी अर्जाला ४०० डॉलर जादा पडतात, लहान संस्थेला २००. ते अशिलाला आधी सांग.

मुंबईच्या पेटंट ऑफिसची सवय इथं आणू नकोस. भारतात नियम ६ नुसार स्पीड पोस्ट टाकल्याचा दिवस धरत नाहीत, नेहमीच्या क्रमानं ते पोचायला हवं तो दिवस धरतात.

आणि पाकिटात आपल्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पोस्टकार्ड घाल. त्यावर आतल्या प्रत्येक कागदाचं नाव आणि पानं लिही. नुसतं 'अर्ज' लिहिलंस, तर त्यावरच्या शिक्क्यानं एखादं हरवलेलं चित्र सिद्ध होणार नाही.