पावणेदोन मुलं, तरी वाढती लोकसंख्या

प्रश्न : महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं, असं वाचलं. आईबापांच्या जागी दोनही मुलं येत नसतील, तर लोकसंख्या घटायला हवी. मग ती वाढते कशी? आणि हा अपूर्णांकातला आकडा काढतात तरी कसा?

उत्तर : १.७ हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला ‘एकूण जननदर’ आहे. तो काढताना १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटात एका स्त्रीमागे वर्षाला सरासरी किती बाळं जन्मली ते पाहतात, सातही आकड्यांची बेरीज करतात आणि तिला पाचाने गुणतात. कारण बाई प्रत्येक गटात पाच वर्षं असते. थोडक्यात, एखादी मुलगी सध्याच्याच दरांनी या सगळ्या वयांतून गेली, तर तिला किती मुलं होतील याचा हा हिशेब.

लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहायला हा दर साधारण २.१ लागतो. वरचा ०.१ अशासाठी, की मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्त जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत.

‘जन्मदर’ मात्र वेगळा. वर्षभरात दर हजार लोकांमागे किती जन्म झाले, ते तो सांगतो. त्यासाठी ‘नमुना नोंदणी’ची पद्धत आहे. निवडलेल्या गावात किंवा शहरी विभागात स्थानिक गणक, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडीसेविका, जन्म-मृत्यू टिपत राहतात. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक त्यांची नोंद न पाहता घरोघर स्वतंत्र चौकशी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जे नाव एकीतच सापडतं, त्याची त्या घरी जाऊन पुन्हा खातरजमा करतात.

या पद्धतीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर होता १५ आणि मृत्युदर ५.५. वजाबाकी ९.५, म्हणजे वर्षाला जवळपास एक टक्का वाढ. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आज आई होणाऱ्या स्त्रिया जननदर बराच जास्त होता तेव्हा जन्मल्या. प्रत्येकीची मुलं कमी, पण आयाच पुष्कळ. शिवाय म्हाताऱ्यांचं प्रमाण कमी, म्हणून मृत्यूही कमी. केरळात आरोग्यसेवा उत्तम असूनही त्याच वर्षी मृत्युदर ७ होता, कारण तिथे वयस्कर माणसं जास्त.

जिल्ह्यांचा हिशेब करताना स्थलांतरही धरावं लागतं. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, तर ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. हा फरक जननदरातून कळत नाही. त्यासाठी चाकरमानी कुठून कुठे गेले ते पाहावं लागतं.

तेव्हा जननदर खाली आला, तरी लोकसंख्या लगेच उतरणीला लागत नाही. आधी ही भरगच्च पिढी बाळंतपणाचं वय ओलांडून पुढे सरकावी लागते.